घरी येणाऱ्या ताई नेमकं काय पाहतात?

बाळ घरी आल्यानंतर आई-बाळाला तपासायला परिचारिका किंवा आरोग्यसेविका, म्हणजे आपल्या ताई, घरी येतात. या गृहभेटींबद्दल या वेळी आलेली पत्रं दोन्ही बाजूंची आहेत. काही ज्यांच्या घरी ताई येणार आहेत त्या आईबाबांची, काही स्वतः घरोघर जाणाऱ्या ताईंची. उत्तरं मुद्दाम एकत्र देतो आहोत. ताई काय शोधतात हे आईला कळलेलं बरं, आणि आईला कशाची धास्ती वाटते हे ताईंना.

प्रश्न : बाळ चार दिवसांचं आहे. उद्या परिचारिका घरी येणार असा फोन आला. घरभर पसारा आहे, माझी झोप नाही. त्या काय तपासतील? पुढच्या आठवड्यात या म्हटलं तर चालेल का?

उद्याच येऊ द्या. बाळाचं वजन सगळ्यात खाली येतं ते याच दिवसांत, कावीळही साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वर चढते, दूध याच सुमारास भरून येतं आणि स्तन दगडासारखे होतात. आईचा रक्तदाबसुद्धा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात वाढू शकतो, गरोदरपणात तो व्यवस्थित असला तरी. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत पहिल्या २४ तासांनंतर किमान तीन तपासण्या सांगितल्या आहेत : ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. एक आठवडा पुढे ढकललं की नेमका नाजूक काळ हातचा जातो.

पसारा आवरू नका, तेवढा वेळ झोपा. ताई पाहतात ते वेगळंच : बाळ कुठे झोपतं, हात कुठे धुता येतात, रात्री तुमच्या मदतीला कोण असतं. तयार ठेवायचं ते एवढंच : जन्माचं आणि घरी सोडतानाचं वजन लिहिलेला रुग्णालयाचा कागद, तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि काल सकाळपासून बाळानं किती वेळा लघवी आणि शी केली त्याचा आकडा. पहाटे तीनला पडलेला प्रश्न सकाळी आठवत नाही, तो तेव्हाच फोनमध्ये लिहून ठेवा. आणि जमलं तर ताई आल्यावरच बाळाला पाजायला घ्या, म्हणजे त्यांना पूर्ण पाजणं बघता येईल.

एका बाबतीत मात्र ताईंची वाट पाहू नका. डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या येताहेत, तासाभरात पॅड पूर्ण भिजतोय, ताप ३८ अंश सेल्सिअसवर आहे, एकच पोटरी सुजून दुखतेय, किंवा छातीत दुखून दम लागतोय, तर लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : रुग्णालय हाकेच्या अंतरावर असताना कुणी घरी येऊन तपासण्याची गरज काय? सुनेला तर हा पहाराच वाटतो. — एक आजोबा

अंतर जवळ असलं तरी बाळाला घेऊन बाहेर पडायचं की नाही, हे ठरवायचं कुणी, हाच खरा प्रश्न असतो. नवजात बाळ आजारी पडलं की ताप, खोकला असा गाजावाजा करत नाही. ते फक्त मलूल होतं, कमी पितं, आणि घरच्यांना वाटतं की शहाणं बाळ आहे, झोपलंय छान. हा फरक ओळखायला सरावलेली नजर लागते.

याचे दोन ठोस पुरावे आहेत. १९९० च्या दशकात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेनं ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हे प्रसिद्ध झालं, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफनं नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. दुसरा अनुभव अमेरिकेतल्या एल्मायरा शहराचा. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवल्या : गरोदरपणात सरासरी ९ भेटी, बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत आणखी २३. पंधरा वर्षांनी पाहिलं, तेव्हा या घरांत मुलांची आबाळ आणि मारहाण यांच्या नोंदी कमी होत्या.

सूनबाईंना पहारा वाटतो, हे मात्र मनावर घ्या. भेटीत काय लिहिलं जातं ते तिला वाचायला मागू द्या, आणि कुठला प्रश्न का विचारला तेही विचारू द्या. मनापासून काम करणारी कुठलीही ताई वही पुढे करते.

प्रश्न : मी दोन महिन्यांपूर्वी गृहभेटींचं काम सुरू केलं. फॉर्मवर आधी वजन, मग तापमान, मग श्वास असा क्रम आहे. त्या क्रमानं गेलं की बाळ रडतं आणि पुढचं सगळं बिघडतं.

फॉर्म भरायचा क्रम वेगळा आणि तपासायचा वेगळा. फॉर्म शेवटी बसून भरा.

हात साबणानं ४० सेकंद तरी धुवा, वाळू द्या, आणि थंड हात बाळाला लावू नका. बाळ झोपलेलं असेल तर ती पर्वणी समजा. अंगडं थोडं वर करून पोट दिसेल असं बसा आणि श्वास मोजा, पूर्ण ६० सेकंद. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवय इथेच सोडा, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ते भराभर घेतं, मग काही सेकंद थांबतं, मग पुन्हा घेतं. समजा पहिल्या अर्ध्या मिनिटात १९ आणि दुसऱ्यात २८ श्वास झाले. खरा आकडा ४७. दुप्पट करणारीला कधी ३८ मिळेल, कधी ५६. आकडा ६० किंवा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर तो जलद श्वास. रडताना किंवा पिताना मोजलेला श्वास लिहू नका. त्याच वेळी छातीचा खालचा भाग पाहा. श्वास घेताना तो थोडासा आत जाणं या वयात चालतं, खोल खळगा पडणं चालत नाही.

मग काख. थर्मामीटरचं टोक काखेच्या मध्यावर, हात अंगाशी धरून, बीप वाजेपर्यंत. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या आतबाहेर काय आहे ते पाहा. ३५.५ ते ३६.४ असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण घालून, तासभर ठेवा आणि पुन्हा मोजा. तोवर घर सोडू नका. पोट गरम आणि तळपाय गार, ही थंडी लागल्याची पहिली खूण आहे. ती हाताला थर्मामीटरच्या आधी कळते.

कावीळ खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहायची. पिवळ्या बल्बखाली सगळीच बाळं पिवळी दिसतात. कपाळ, छाती, तळपाय अशा क्रमानं बोटानं दाबून सोडा आणि दाबल्या जागेचा रंग पाहा. बाळ सावळं असेल तर हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग जास्त खरं सांगतो. नाळ कोरडी असावी, तिला काही लावलेलं नसावं. बुडाशी लाली येऊन ती पोटाच्या कातडीवर पसरत असेल किंवा पू असेल तर तो संसर्ग.

कपडे उतरवायला लागतात म्हणून वजन यानंतर, पण पाजण्याच्या आधी. काटा टणक फरशीवर ठेवा, गादीवर किंवा गालिच्यावर नाही. फडकं घालून शून्य करा, मग बाळ उघडं ठेवा. दोनदा घ्या. गुंडाळलेल्या बाळाचं वजन करून कापडाचं वजन 'अंदाजे' वजा करणं, यात आठवड्याची वाढ सहज गायब होते किंवा नसलेली दिसते.

आता बाळ जागं आणि भुकेलं असतं. पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. मध्येच फॉर्म काढू नका. सगळ्यात जास्त कळतं ते इथे, आणि घाईत सगळ्यात आधी टाळलं जातं तेही हेच.

बाळाला लगेच रुग्णालयात न्यायच्या खुणा पाठ असू द्या : पिणं थांबलंय किंवा ओढतच नाही, झटके, जलद श्वास, छातीत खोल खळगा, हलवल्याशिवाय हालचाल नाही, ताप ३७.५ किंवा वर, अंग ३५.५ च्या खाली, पहिल्या २४ तासांत कुठलीही कावीळ, कधीही तळहात-तळपाय पिवळे. यांतली एकही पुरे. आधी फोन करून कळवा, चिठ्ठीवर आकडे आणि वेळ लिहा, बाळाला छातीशी धरून न्यायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी ते पोचले का हे स्वतः विचारा. 'जा म्हणून सांगितलं' आणि 'गेले' यांच्यामध्ये फार काही घडतं.

प्रश्न : जन्माचं वजन ३,१०० ग्रॅम, सहाव्या दिवशी २,८६०. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही, वरचं दूध सुरू कर. ताई म्हणतात, थांब. कुणाचं ऐकू?

२४० ग्रॅम घट, म्हणजे ८ टक्क्यांच्या आत. पहिल्या दिवसांत ७ ते १० टक्के घट होते. १० टक्क्यांच्या पुढे, तुमच्या बाळासाठी २,७९० च्या खाली, मात्र डॉक्टरांनी पाहायलाच हवं. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यावं. सासूबाईंची काळजी खोटी नाही, फक्त तिचं उत्तर बाटलीआधी लंगोटात शोधायचं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त भरघोस लघव्या, आणि काळी शी जाऊन पिवळी पातळ शी, असं असेल तर दूध पोटात जातंय. चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी रंगाची भुकटी दिसत असेल किंवा शी अजून काळीच असेल, तर ते पुरत नाहीये.

पुरत नसेल तरी बहुतेक वेळा कमी पडते ती पकड. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. स्तनाग्र वरच्या ओठाला टेकवा आणि जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नेऊ नका. हनुवटी रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा आणि खालच्या बाजूला कमी. सुरुवातीच्या भराभर चोखण्यानंतर संथ, खोल ओढ आणि गिळण्याचा 'क्क' असा आवाज यायला हवा. गालाला खळी पडत असेल, चटचट आवाज येत असेल किंवा बाहेर आल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं दिसत असेल, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा.

वरच्या दुधाची घाई नको याचं कारण साधं आहे : स्तन जेवढा रिकामा होतो तेवढं दूध बनतं. बाटलीनं भरलेलं बाळ एक पाजणं चुकवतं, दुसऱ्या दिवशी दूध खरंच थोडं कमी होतं, आणि 'बघ, म्हटलं नव्हतं?' असं होऊन बसतं. डॉक्टरांनी वजनाकडे पाहून वरचं सांगितलंच, तर आधी स्वतःचं काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्या, आणि तेही पाजून झाल्यावर. दोन दिवसांनी त्याच काट्यावर वजन करा.

प्रश्न : कमी वजनाचं बाळ (२,०५० ग्रॅम) घरी आलंय. 'कांगारू पद्धत' दाखवली होती, पण बाळ खाली घसरतं.

बांधणं सैल होतंय. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. तुमच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, उभं. डोकं एका बाजूला वळलेलं, मान किंचित मागे, पाय बेडकासारखे दुमडलेले. लवचीक कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी आणि छातीवर छाती असलेला भाग सगळ्यात घट्ट असावा, पोट मोकळं. बाळ घसरलं की हनुवटी छातीला टेकून श्वास अडतो, म्हणून चेहरा कायम तुम्हाला दिसला पाहिजे. टेकून, तिरकं बसा. सोफ्यावर डुलकी लागणार असेल तर बाळ दुसऱ्याकडे द्या. एका वेळी तासाभरापेक्षा कमी नको, दिवसाचे ८ तास तरी, जमतील तितके जास्त. बाबा आणि आजीही करू शकतात. १९७८ मध्ये बोगोटात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू झालेली ही पद्धत आता इनक्युबेटर असलेल्या ठिकाणीही सांगितली जाते. बाळच वळवळून बाहेर यायला लागलं, की थांबायची वेळ झाली.

प्रश्न : बाळंतपणाला पाच आठवडे झाले. पत्नी रोज रडते. गेल्या भेटीत ताईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. माझ्यापासून काय लपवायचं आहे?

लपवायचं काही नाही. काही प्रश्न त्या प्रत्येक आईला एकटीलाच विचारतात : झोप, भीती, जीव नकोसा होणं, आणि घरात कुणी मारतं-धमकावतं का. हे सगळ्यांना विचारलं जातं, म्हणूनच जिला खरंच गरज आहे ती ओळखू येते. नवरा समोर असताना उत्तर अनेकदा 'सगळं ठीक आहे' असंच येतं, नवरा कितीही चांगला असला तरी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होणारं रडू दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. पाच आठवडे हे त्यात बसत नाही. हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते दुबळेपणा नाही, आजार आहे, आणि बरा होणारा आजार आहे. ताईंकडे बहुधा एडिनबरो प्रश्नावली असेल : गेल्या सात दिवसांबद्दल १० प्रश्न, ३० पैकी गुण. १३ किंवा जास्त असतील तर डॉक्टरांकडे जायलाच हवं, १० ते १२ असतील तर थोड्याच दिवसांत पुन्हा विचारायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरं उत्तर आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मदत.

तुम्ही आजपासून करायची गोष्ट : रात्रीतले सलग चार-पाच तास बाळ तुमच्याकडे. मधलं पाजणं काढलेल्या दुधानं, किंवा बाळ फक्त पाजायला तिच्याकडे आणून लगेच परत घ्यायचं. ढेकर, लंगोट, झोपवणं तुमचं. 'तुला काय कमी आहे?' हे वाक्य तोंडून येऊ देऊ नका. त्याऐवजी डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या आणि सोबत जा. ती झोप नसतानाही थकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, कुणाचे आवाज ऐकू येतात म्हणत असेल किंवा बाळाबद्दल विचित्र कल्पना सांगत असेल, तर ही आणीबाणी आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या. आणि तुम्हालाही उदास वाटत असेल तर ताईंना सांगा. बाबांनाही हा आजार होतो.

प्रश्न : बाळ रोज संध्याकाळी दोन-दोन तास रडतं. परवा इतका राग आला की माझीच मला भीती वाटली.

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. भूक, लंगोट, ताप पाहून झालं, कडेवर घेऊन फिरून झालं, आणि तरी थांबत नाही, तर बाळाला त्याच्या टणक, सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवा, भोवती उशी-दुलई काही नको, आणि दार ओढून पाच-दहा मिनिटं बाहेर या. कुणाला तरी फोन करा. रडून बाळाला इजा होत नाही. गदागदा हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होतो, काही सेकंद पुरतात. घरात बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा. रडणं नेहमीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं किंवा कण्हल्यासारखं असेल, किंवा हिरवी उलटी झाली तर डॉक्टर.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं, ठणठणीत. ताई दर वेळी म्हणतात, बाळाशी बोला. एकटीच काय बोलू?

एकटीनं बोलायचंच नाही, उत्तर द्यायचं आहे. लंगोट बदलताना चेहरा बाळासमोर आणा. ते 'आऽगू' म्हणालं की तुम्ही तसंच म्हणा आणि थांबा, मनात दहा मोजा. ही शांतता मोठ्यांना जड जाते, पण बाळाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. ते पुन्हा बोलेल, पाय झाडेल. त्यानं मान फिरवली किंवा जांभई दिली की पुरे. दिवसभरात लंगोट बदलण्याइतक्या वेळा हे झालं तरी खूप झालं. जागं असताना पालथं ठेवणंही असंच थोडं थोडं, पण दिवसाकाठी मिळून अर्धा तास. स्क्रीन वर्षभर नकोच. मान अजून डगडगत असेल, आवाजाला दचकत नसेल किंवा चेहऱ्याकडे पाहत नसेल, तर ताईंना आवर्जून सांगा.

प्रश्न : एका घरी तिसऱ्यांदा गेले, दार उघडलं नाही. आत बाळाचा आवाज येत होता. नोंद काय करू?

जे दिसलं-ऐकलं तेवढंच, वेळेसह : 'दार वाजवलं, आतून बाळाचा आवाज, कुणी उघडलं नाही.' 'सहकार्य नाही' असं लिहू नका. दार न उघडण्याची कारणं निरनिराळी असतात. आई नुकती झोपलेली असते, मागच्या वेळी कुणीतरी शेजाऱ्यांसमोर काही बोललेलं असतं, किंवा घरातल्या कुणी तिला मनाई केलेली असते. त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. शेजारी चौकशी करताना कुटुंबाची कुठलीही माहिती बोलू नका.

चौथ्या वेळी आधी निरोप पाठवा आणि वेळ तिला ठरवू द्या : 'मंगळवारी अकरा की चार? दहा मिनिटंच, फक्त वजन.' मग खरंच दहा मिनिटांत निघा. आत गेल्यावर पहिला प्रश्न आईबद्दल विचारा, बाळाबद्दल नंतर. मात्र हे बाळ कमी वजनाचं होतं, आजारी असल्याची नोंद होती, किंवा आई मागच्या भेटीत घाबरलेली दिसली होती, तर चौथ्या भेटीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी वरिष्ठांसोबत दोघींनी जायचं. आणि गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत प्रत्येक आईला सांगून ठेवा : 'तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका दिसला तर मला ते पुढे सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुम्हाला कळवीन.'